काकीच्या विहिरीचं पाणी

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज घाण करून ठेवली. लिहू का नको करत बसलेय, पण कुणाला सांगण्यापेक्षा वहीला सांगितलेलं बरं.

दुपारी लॅबमध्ये सेकंड इयरचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून गावांकडनं तपासायला आलेल्या पाण्याच्या बाटल्या शेजारच्या छोट्या खोलीत हलवल्या होत्या. डबे पण आम्ही तिथंच खातो. नियमात बसत नाही, पण आमच्या केमिस्ट्रीच्या थोरात मॅडमच म्हणतात, बाहेर उन्हात कशाला बसता. माझी लॅबमधली जोडीदार तब्बू नव्हती. तिच्या बहिणीला बघायला पाहुणे येणार म्हणून इस्लामपूरला गेलीय. मी एकटीच. आईनं खर्डा दिलेला, पहिल्याच घासाला ठसका. डोळ्यातनं धारा. टेबलावर तब्बूची निळ्या झाकणाची बाटली दिसली, ती तशीच तोंडाला लावली. दोन घोट गेल्यावर कळलं, मचूळ आहे. म्हटलं, शनिवारपासून भरून ठेवलीय बयेनं. उरलेलं बेसिनमध्ये ओतलं, कूलरवरनं भरून आणलं, प्याले, परत भरली.

झाकण लावताना बाटलीच्या गळ्याला दोरा दिसला. तब्बूची पण अशीच आहे, निळ्या झाकणाची, पण तिला दोरा नसतो. दोऱ्याला चिठ्ठी. 'शैला, उंब्रजची वाडी, विहीर.'

शैलाकाकी आईच्या ओळखीची. सकाळी उंब्रजच्या स्टँडवर माझ्या हातात ती बाटली देताना म्हणाली होती, "आपली पोरगी हाय तितं म्हनून आनली, न्हाईतर कोन जातंय साताऱ्याला." बाटली मांडीवर घेऊन आले मी. आणि दुपारी विसरले. मांडीवर घेतलेली बाटली.

तेवढ्यात मॅडम दारात. "शुभांगी, उंब्रजचं सॅम्पल तू करतेयस ना? नीट कर हं. रोपांची नर्सरी टाकायचीय त्यांना." तोंडात भाकरी होती, मान हलवली. नंतर भाकरी गिळून झाली तरी तोंड उघडलं नाही.

आणि मी ते केलं. कूलरचं पाणी. अख्खा सातारा पितो ते कास तलावाचं पाणी. त्यातलं मीठ मोजलं. एकदाच करायचं आणि बाकीची दोन रीडिंग मनानं लिहायची, ही आमच्या बॅचची जुनी पद्धत. आज मी तीनदा केलं, तिन्ही वेळा तंतोतंत जुळलं. एवढं सुंदर टायट्रेशन माझ्या हातून कधी झालं नव्हतं.


२५ नोव्हें., मंगळवार

मॅडमनी रिपोर्टवर सही केली. "इतकं गोड पाणी आहे उंब्रजला? नशीबवान आहेत बाई." चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता विचारतील. विचारलं की सांगायचं, असं एसटीत ठरवून आले होते.

विचारलं, "जेवलीस का?"

हेच. ह्या डिपार्टमेंटचं हेच आहे. कुणी खेकसलं असतं तर मी भडाभडा बोलून मोकळी झाले असते.

तब्बू आली. रिपोर्टवर 'तपासले' म्हणून तिची पण सही लागते. "तीनदा केलंस ना गं?" म्हटलं, तीनदा. "आण मग." केली सही. तिला मी खोटं बोलले नाही. तीनदाच केलं होतं. असल्या हिशोबानं झोप लागत असती तर काय पाहिजे होतं.

खरं तर काल संध्याकाळीच वाडीला जाऊन दुसरी बाटली भरून आणता आली असती. घरापासनं सायकलवर किती लांब आहे. पण काकीनं विचारलं असतं, पहिलीचं काय झालं. आणि मागच्याच आठवड्यात मॅडमनी सगळ्यांपुढं मला पाणी तपासणीची इनचार्ज केलंय. इनचार्जनं सॅम्पल पिऊन टाकलं. बाई, बाई.


२८ नोव्हें., शुक्रवार

काकी स्वतः आली रिपोर्ट न्यायला. इस्त्रीची साडी. बरोबर सून, रेश्मा. माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. बारावी सायन्स झाली आणि लग्न झालं, तिथंच थांबलं. नर्सरी ही तिची कल्पना. मिरची, फ्लॉवर, टोमॅटोची रोपं करायची आणि शेतकऱ्यांना विकायची. बचत गटातल्या बायका तयार नव्हत्या, हिनं एकेकीच्या घरी जाऊन पटवलं म्हणे. लॅब बघत होती सगळी. बुरेटला हात लावू का म्हणून विचारलं तिनं, मी लाव म्हटलं. हळूच लावला, बोटाच्या टोकानं.

रिपोर्ट तिनंच वाचला. मग म्हणाली, "पन ताई, पानी लागतं तर मचूळ."

काकी तिच्यावरच उखडली. "तुज्या जिबेचं काय खरं धरायचं? त्यांनी मशिनीत घालून तपासलंय. व्हय का न्हाई गं शुभे?"

मशीन कुठली. मी आणि एक काचेची नळी. मी म्हटलं, "व्हय काकी."

मॅडमनी दोघींना चहा दिला. काकी जाताना मला हात जोडायला लागली, मी तिचे हात धरून खाली केले. माझ्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग. निघता निघत नाहीत. काकी म्हणाली, "किती राबतंय लेकरू."


३ डिसें., बुधवार

आज सांगायचंच म्हणून मॅडमच्या केबिनमध्ये गेले. 'मॅडम, एक बोलायचं होतं' इथपर्यंत झालं. त्या म्हणाल्या, मलाही तुझ्याशी बोलायचंय, आधी माझं ऐक.

कोल्हापूरला एम.एस्सी.साठी त्यांनी त्यांच्या ओळखीच्या सरांना माझ्याबद्दल सांगून ठेवलंय. "मी त्यांना म्हटलं, मुलगी फार बोलत नाही, पण तिच्या हातावर मी डोळे झाकून विश्वास ठेवते." आणि कपाटातनं स्वतःचा एप्रन काढून दिला. त्या ह्याच लॅबमध्ये शिकल्या, तेव्हाचा. कॉलर जरा पिवळी झालीय. "माझ्याकडे नुसता पडून आहे. तुला होईल."

झाला. अगदी मापात.

"तुला काय बोलायचं होतं?" म्हटलं, लायब्ररीचं कार्ड हरवलंय. ते पण खोटं. त्यावर त्या स्वतः उठून माझ्याबरोबर लायब्ररीत आल्या नवं कार्ड करून द्यायला. एका खोट्यापायी दुसरं, आणि दुसऱ्यापायी मॅडमची जिन्यावरनं वर-खाली.

गेल्या वर्षी पप्पांनी मला पोलीस भरतीच्या क्लासला घालायचं ठरवलेलं. ह्या बाई उंब्रजला आल्या, आमच्या ओट्यावर बसल्या, पप्पांना म्हणाल्या, "मला ही मुलगी डिपार्टमेंटला पाहिजे." पप्पा फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेत, कुणाचं ऐकत नाहीत. त्यांचं ऐकलं.

संध्याकाळी पप्पांनी रोजच्यासारखं विचारलं, "रिपोर्ट?" मी रोजच्यासारखं म्हटलं, "ऑल ओके."


१० डिसें., बुधवार

आई सांगत होती, वाडीत शेडनेट उभं राहिलं. ट्रे आले, त्यात भरायचं कोकोपीट आलं. रेश्मा दिवसभर तिथंच असते. "लय हुशार पोरगी हाय. शैलाला आदी आवडत न्हवती, आता सगळीकडं सून सून करत फिरतीया."

ताट बाजूला सरकवलं. पोटात दुखतंय म्हटलं.


२२ डिसें., सोमवार

काकीनं काकवी पाठवली. गुऱ्हाळावरची ताजी. "शुभीला द्या, तिच्यामुळं झालं सगळं." आणि बाटली तीच आहे, रिपोर्टबरोबर परत दिलेली. निळ्या झाकणाची. धुऊन भरलीय.

पप्पांनी भाकरीला लावून खाल्ली, आई म्हणते तू पण घे. मी म्हटलं, दात दुखतोय. ह्या महिन्यात माझं काय काय दुखून झालं, देव जाणे.

तब्बूनं कॉलेजात विचारलं, "तुझं काय बिनसलंय? घरात लग्नाचं काढलं का?" तसलं काही असतं तर मी आधी तुलाच सांगितलं असतं, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, म्हणजे तसलं नसलेलं काहीतरी आहे. ही बया वकील व्हायला पाहिजे होती.


१ जाने., गुरुवार

रोपं उगवली. रेश्मानं फोटो पाठवलाय. ट्रे भरून बारीक हिरवं. खाली लिहिलंय, 'ताई, बघा तुमचं पाणी.'

दिवसभर काढून काढून बघितला. मग एक विचार आला आणि तो बरा वाटला, की त्या दिवशी खर्ड्यानं माझी जीभच गेली असेल. तिखटानंतर कुठलंही पाणी विचित्रच लागतं. नाहीतरी उगवलंच की. पाणी वाईट असतं तर उगवलं असतं का? मला चांगलं माहितीय की उगवणं आणि वाढणं ह्यात फरक आहे, मॅडमनी शिकवलंय. पण आज नाही शिकायचं काही.

आज खूप दिवसांनी नीट जेवले.


८ जाने., गुरुवार

काकीचा फोन मॅडमना आला. मॅडम लॅबमध्येच होत्या, हातात चॉक, म्हणून फोन टेबलावर स्पीकरवर. मी मागं पिपेट धूत होते.

"मॅडम, मिरचीच्या पानांच्या कडा करपाय लागल्यात. फ्लॉवरच्या बी. आदी टोकं, मग समदं पान."

मॅडम म्हणाल्या, "पाणी तुमचं उत्तम आहे, त्याची काळजी सोडा. पाणी जास्त होतंय का, खत जास्त पडतंय का, ते बघा."

काकीनं ऐकून घेतलं. मग, "मग आमच्या सुनंचाच हात वो. झारी घिऊन हुबीच असती. वाटतंय तेवढं वततीया. बगते तिच्याकडं."

"रागावू नका तिला," मॅडम म्हणाल्या. आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "नवीन आहेत, शिकतील." मी पिपेट धूतच राहिले. स्वच्छ झाला होता केव्हाच.

त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. फोन चालू होता, दोघी ऐकत होत्या, एका वाक्याचं काम होतं.

वर आणखी भर. सांगलीला महिनाअखेरीस प्रोजेक्टची स्पर्धा आहे. मॅडमचं ठरलंय, 'प्रयोगशाळा ते शेत' म्हणून काकीची नर्सरीच दाखवायची. मी बोलायचं, तब्बूनं तक्ते करायचे, आणि काकी-रेश्माला स्टेजवर बोलवायचं.


१४ जाने., बुधवार. संक्रांत

हे लिहायला नको वाटतंय.

आई म्हणाली, चल वाडीला, तिळगूळ देऊन येऊ. नाही म्हणायला कारण सापडेना. दातदुखी वापरून झाली होती.

काकी ओट्यावर बायकांत. रेश्मा आत. आधी काकी हाक मारताना 'रेश्मा' म्हणायची, आज 'आगं ए' म्हणत होती. गटातली एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "शिकल्याली म्हनून हातात दिलं, तिनं बुडवून दावलं." रेश्मानं ऐकलं. तिळगुळाचं ताट घेऊन तशीच सगळ्यांपुढं फिरली.

मला शेडमध्ये घेऊन गेली. अर्धे ट्रे तपकिरी. तिनं झारी उलटी करून ठेवलीय. काकीनं पाणी घालायचं काम तिच्याकडनं काढून घेतलं, आता दुसरी बाई घालते. कमी घालते. तरी करपायचं थांबलेलं नाही. रेश्मा एक रोप उपटून माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "ताई, तुमी शिकलाय त्यातलं. लय पानी झालं तर असं व्हतं का वो? खरं सांगा. मी मोजून घालत हुते. पन माजंच चुकलं आसल तर सांगा, मी मान्य करीन."

मी म्हटलं, "होऊ शकतं."

हे मी म्हटलं. माझ्या तोंडानं. ती मान खाली घालून 'बरं' म्हणाली.

नोव्हेंबरची चूक होती. बाटली पिणं ही चूकच. आज जे केलं त्याला मी चूक म्हणणार नाही.

निघताना शेडमधल्या विहिरीच्या पाण्याच्या ड्रमातनं माझी बाटली भरून घेतली. कुणी बघितलं नाही. उंब्रजच्या रस्त्यावर एक घोट घेतला. मचूळ. खर्डा न खाता.


१६ जाने., शुक्रवार

सकाळी लॅब उघडल्या उघडल्या गेले. ड्रमाचं पाणी फ्लास्कमध्ये घेतलं, इंडिकेटर टाकला, पिवळं झालं. मग बुरेट सोडलं. मिठाचं काम संपलं की पिवळ्याचं विटकरी होतं. कूलरचं पाणी चार थेंबांत झालं होतं असं म्हटलं तरी चालेल. हे काही होईचना. हलवतेय, सोडतेय, हलवतेय. बुरेट अर्धं खाली आलं तरी पिवळं ते पिवळंच. शेवटी झालं. परत केलं. परत तेवढंच.

मागं तब्बू उभी होती. कधी आली कळलं नाही.

"कुणाचं पाणी हे?"

सांगितलं सगळं. खर्ड्यापासनं संक्रांतीपर्यंत. ती स्टुलावर बसली. मला वाटलं मिठी मारेल, माझ्या गळ्यात पडून 'जाऊ दे गं' म्हणेल, आम्ही अशाच आहोत. नाही. ती म्हणाली, "मी सही केलीय त्याच्यावर. तू तीनदा म्हणालीस आणि मी केली. माझे अब्बा कापड बेतताना दुसऱ्यानं घेतलेलं माप पण परत घेऊन बघतात. मला वाटायचं उगं वेळ घालवतात. मी तुझं परत घेतलं नाही, कारण तू होतीस."

मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नकोस, त्यानं काय व्हणार हाय. मॅडमना सांग. मी नाही सांगणार. तूच सांगायचं."

आणि मग तिनं तिसऱ्यांदा टायट्रेशन करून बघितलं. स्वतःच्या हातानं.


१९ जाने., सोमवार

सांगितलं.

एप्रन घडी करून बरोबर नेला होता. परत द्यायला. टेबलावर ठेवला आणि बोलले, एका दमात, मध्ये थांबले असते तर परत लायब्ररीचं कार्ड निघालं असतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग पहिला प्रश्न, "ते पाणी पिऊन तुला काही त्रास नाही ना झाला?"

मला तिथंच मरावंसं वाटलं. खरंच. शिव्या घाला की बाई.

मग मात्र म्हणाल्या, "मला वाईट वाटलंय शुभांगी. चुकलीस म्हणून नाही. सॅम्पल सांडतात, मी पण सांडलीत. तुला मला सांगता आलं नाही, ह्याचं. आणि त्या मुलीला तू जे सांगितलंस, त्याचं." एवढंच. आवाज चढला नाही. एप्रन माझ्याकडे सरकवला, "हा उचल. प्रॅक्टिकल आहे तुझं."

म्हणाल्या, सांगलीचा प्रोजेक्ट मागं घेऊ. काकींना त्या स्वतः फोन करतील. "डिपार्टमेंटकडून सॅम्पलची अदलाबदल झाली, एवढंच सांगते. तपासणी केंद्र माझं आहे, जबाबदारी माझी. तुझं नाव कशाला घ्यायचं?"

घरी येताना एसटीत एवढं हलकं वाटलं की खिडकीला डोकं टेकून झोपले. उंब्रज आलं तेव्हा कंडक्टरनं उठवलं. उतरल्यावर मात्र त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली. एवढ्या स्वस्तात सुटले मी.


२१ जाने., बुधवार

नाही सुटले.

मॅडमनी बोलावून घेतलं. चेहरा उतरलेला. काल त्यांनी काकीला फोन केला. आमच्याकडून गडबड झाली, बाटली बदलली गेली, तुमचं पाणी खरं तर खारं आहे, असं सगळं सांगितलं. काकी म्हणाली, "आसूं द्या मॅडम. तुमी कशाला वाईट वाटून घेताय. तुमच्या हातनं कशी चूक व्हईल? बाटली आमच्या सुनंनंच भरली हुती. कुटल्या नळाचं भरून दिलं कुनाला ठावं."

मॅडमनी परत परत सांगितलं, तिची चूक नाही. काकी 'व्हय व्हय' म्हणाली आणि रेश्मालाच हाका मारत फोन ठेवला.

म्हणजे आता पाणी जास्त घातलं ते पण तिनंच, आणि बाटली खोटी भरली ती पण तिनंच. माझं नाव झाकलं, तर ते तिच्या अंगावर गेलं. कुणाच्या तरी अंगावर जाणारच होतं.

मॅडम म्हणाल्या, "मी चुकले. मला वाटलं मी तुला वाचवतेय."

म्हटलं, मॅडम, मी जाते रविवारी. त्या म्हणाल्या, "मी येते बरोबर. बोलायचं तूच."


२५ जाने., रविवार

मॅडम साताऱ्याहून एसटीनं आल्या. उंब्रजच्या स्टँडवरनं वाडीपर्यंत आम्ही चालत. ऊसतोड चालू आहे, रस्ताभर पाचट. मॅडम पाचटाकडे बघत चालल्या होत्या, त्यांनी एकदाही विचारलं नाही काय बोलणारेस म्हणून. मी मनात वाक्यं जुळवत होते, त्यातलं एकही उपयोगाला आलं नाही.

काकीनं चटई टाकली. "बसा मॅडम. आगं ए, पानी आन."

रेश्मानं तांब्या आणला. विहिरीचंच पाणी, घरात पण तेच पितात. मी घेतलं आणि सगळं प्याले. मग म्हटलं, "काकी, रेश्मानं बाटली बरोबर भरली हुती. ती मी प्याले. चुकून. मग नळाचं भरलं आणि तेच तपासलं. हिनं काय बी केलेलं न्हाई."

काकी मॅडमकडे बघायला लागली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

काकी म्हणाली, "आगं पोरी, एवडंच हुतं तर दुसरी भरून दिली असती की मी."

एवढंच म्हणाली. दोन महिने मी ह्या वाक्याला भीत होते. आणि ते किती साधं होतं.

रेश्मा खांबाला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "म्हंजे तुमाला तवाच कळलं हुतं, पानी मचूळ हाय."

"व्हय."

"आनि संक्रांतीला मी इचारलं तवा?"

"तवा बी."

रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं. ती माझ्या हातांकडे बघत होती, ते काळे डाग.

मॅडमनी पुढचं सांगितलं. कालव्याचं पाणी ह्याच्यात किती मिसळलं तर चालेल ते काढून देऊ, खारं पाणी सोसणारी रोपं कुठली, नवीन ट्रेसाठी डिपार्टमेंट मदत करेल. पण आधी एकदा विहिरीचं पाणी परत नीट तपासायला लागेल. काकी उठली, घरातनं ती निळ्या झाकणाची बाटली, आईनं संक्रांतीला परत दिलेली, धुऊन आणली, विहिरीवर जाऊन भरली, दोरा बांधला, माझ्यापुढं धरली. सवयीनं. मी हात पुढं केला.

रेश्मानं मधनंच बाटली काढून घेतली. "न्हाई. मी आनते मंगळवारी. माज्या म्होरं करा."

काकी म्हणाली, "आगं, आसं बोलत्यात का?" आणि मग, कितीतरी दिवसांनी, "रेश्मा."

रेश्मा बाटली घेऊन आत गेली. आम्ही निघालो तेव्हा बाहेर आली नाही.

घरी पप्पांनी विचारलं, "रिपोर्ट?" म्हटलं, "ओके न्हाई." त्यांनी पेपर खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या सव्वीस जानेवारी, सुट्टी हाय. परवा वेळेवर जा."


२७ जाने., मंगळवार

लॅबमध्ये बसून लिहितेय.

सकाळीच बुरेट धुऊन, भरून ठेवलं. फ्लास्क तीन. तब्बूनं माझ्यानंतर परत धुतले. धुऊ दे. तिनं शेजारी एक स्टूल आणून ठेवलंय, रेश्माला बसायला. मॅडमचा एप्रन घातलाय, पण बटणं लावलेली नाहीत.

उंब्रजची सकाळची गाडी येऊन गेली. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. दोन म्हाताऱ्या आणि एक फौजी आला गेटमधनं. परत वर आले.

मॅडम मधे येऊन गेल्या. "जेवलीस का?"

म्हटलं, ती आल्यावर.

मगाशी गेटपाशी निळं झाकण दिसलं. उठून उभी राहिले. फर्स्ट इयरची पोरगी होती कुठलीतरी, पिण्याचं पाणी घेऊन चाललेली.

आईला फोन केला. ती म्हणाली, "शैला म्हनली, रेश्मा सकाळीच बाटली घिऊन भायेर पडली." कुठं, ते काकीला पण माहीत नाही. साताऱ्याला दुसऱ्या पण लॅब आहेत. सरकारी आहे, प्रायव्हेट आहे. तिनं तिकडं नेली असेल तर मला काही म्हणायचा हक्क नाही.

दुपारची गाडी अजून यायचीय. फ्लास्क तसेच आहेत, कोरडे.